पाठवलेली माणसं

अलिबागहून मुरूडला निघालेल्या एसटीचं चाक आक्षीजवळ पंक्चर झालं, तेव्हा माझ्या शेजारच्या सीटवर एक फादर बसले होते. गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. पाऊस धो धो पडत होता, नाहीतर मी चालतच नागावला घरी पोचलो असतो. ड्रायव्हर-कंडक्टर जॅक शोधत होते आणि आम्ही गप्पा मारत बसलो. फादर मूळचे मंगळूरकडचे. मराठी बोलत ते चांगलं, पण ‘ळ’ जरा जास्तच घोटून. त्यांची बदली झाली होती आणि ते सामानाची शेवटची खेप न्यायला निघाले होते.

बदली हा शब्द ऐकून मी सावरून बसलो. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केलेल्या माणसाला या शब्दानं अजूनही पोटात गोळा येतो. मी विचारलं, “फादर, तुमच्यात बदली रद्द करून घेता येते का?”

ते हसले. म्हणाले, “बिशपांना सांगता येतं, तब्येत वगैरे असली तर. पण आपण सांगत नाही सहसा, मास्तर. शब्द दिलेला असतो.”

मग त्यांनी सांगितलं, की दीक्षा घेताना धर्मगुरू बिशपच्या हातात हात देऊन आज्ञापालनाचा शब्द देतो. जेझुइट वगैरे संघांतले लोक तर व्रतच घेतात. अपरिग्रह, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. जेझुइटांचं त्यावर आणखी एक चौथं व्रत असतं, पोप पाठवेल तिथं जाण्याचं. मी विचारलं, “मग गावाची माया लागत नाही?” ते म्हणाले, “लागते ना. पहिली दोन वर्षं लोक विचारतात, फादर, किती दिवस राहणार? मग विचारायचं बंद करतात. बंद केलं की समजायचं, आता पत्र येणार.”

चाक बसलं, गाडी निघाली, मी नागावच्या फाट्यावर उतरलो. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं. ते संभाषण मी विसरूनही गेलो असतो, पण पुढं घरात एक प्रश्न उभा राहिला आणि त्या प्रश्नाशी झटताना मला पुन्हा पुन्हा ती पावसातली एसटी आठवत राहिली.

प्रश्न माझ्या आईचा. ती १९५९ साली, सतराव्या वर्षी, श्रीवर्धनहून लग्न होऊन नागावात आली. दिघीहून होडीनं खाडी ओलांडायची आणि पुढं मिळेल त्या गाडीनं यायचं, असा तो प्रवास. आल्या दिवशी तिचं नाव बदललं. माहेरची कुसुम इथं सुनंदा झाली. वाडीतल्या सुपाऱ्या, नारळ, गुरं, सासू, दोन दीर, नणंद, आम्ही चार भावंडं, मग नातवंडं. बासष्ट-त्रेसष्ट वर्षं ती या वाडीत राबली. गावात कुणाच्याही घरी बाळंतपण असो की मर्तिक, सुनंदावहिनी हजर. नागावचं कुणी असेल तर ती, असं मी छातीठोकपणे सांगत असे.

शेवटच्या दीड वर्षात तिची स्मृती गेली. रोज दिवेलागणीला ती लुगड्याचं एक बोचकं बांधून ओटीवर येऊन बसायची आणि विचारायची, “बस गेली का रे? मला घरी सोड. अंधार पडेल.” मी म्हणायचो, “आई, हेच तुझं घर.” ती माझ्याकडे अशी बघायची, जसं आपण चुकीचा पत्ता सांगणाऱ्याकडे बघतो. ‘सुनंदा’ अशा हाकेला ती ओ देईनाशी झाली. एकदा माझ्या बायकोनं सहज “कुसुमताई” म्हटलं, तर चटकन वळून बघितलं.

डॉक्टर म्हणाले, हे या आजारात होतं, मनाला लावून घेऊ नका. ते खरंच. पण मी लावून घेतलं. मला राग आला. इतकी वर्षं इथं काढल्यावर, इथं सगळं देऊन झाल्यावर, ‘घर’ म्हणजे अजून श्रीवर्धनच? मग आम्ही कोण?

त्याच सुमारास मी पाठवलेल्या माणसांविषयी वाचायला लागलो. पंक्चर झालेल्या एसटीतले फादर डोक्यात होतेच. ज्यानं गाव निवडलं नाही, ज्याला तिथं पाठवलं गेलं, त्याचं त्या गावाशी नातं कोणतं? आणि आज्ञेवरून केलेली सेवा ही त्याची स्वतःची म्हणायची, की पाठवणाऱ्याची?

महाराष्ट्रात या प्रश्नाचं मोठं उदाहरण म्हणजे फादर हर्मन बाखर. स्वित्झर्लंडमध्ये १९२४ साली जन्मलेला हा जेझुइट १९४८ मध्ये भारतात आला आणि अहमदनगर जिल्ह्यात रुजला. रुजला हा शब्द मी विचार करून वापरतोय. दुष्काळी माळरानावर पडणारं पाणी डोंगरमाथ्यापासून अडवत खाली आणायचं, त्यासाठी गावानं श्रमदान करायचं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, हे पाणलोट विकासाचं काम त्यांनी गावकऱ्यांच्या गळी उतरवलं. त्यातून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला आणि १९९३ मध्ये ‘वॉटर’ ही संस्था, म्हणजे वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारखी गावं आज अभ्यासाला दाखवली जातात. चराईबंदी म्हणजे काय हे शहरातल्या वाचकाला एका वाक्यात कळणार नाही. चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईला सांगायचं, की या डोंगरावर आता काही वर्षं शेळी घालायची नाही. हे सांगायला परका माणूस चालत नाही, आणि गावातलाही चालत नाही, कारण त्याचा कुणाशी ना कुणाशी बांध अडलेला असतो. असा कुणीतरी लागतो, ज्याला गावात जमीन नाही, जावई नाही, भावकी नाही. ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह या व्रतांचा हा एक व्यावहारिक फायदा मला तोवर सुचला नव्हता.

आणि हेच फादर बाखर आयुष्याच्या अखेरीस स्वित्झर्लंडला परतले. २०२१ मध्ये तिथंच ते वारले, ९७ वर्षांचे होऊन.

हे वाचलं त्या दिवशी मला जवळपास तसाच राग आला, जसा आईचा येत होता. इतकं सगळं करून शेवटी घरीच गेले. मग माझ्या लक्षात आलं, की मी त्यांच्यावर रागावतोय, पण दरेवाडीतल्या कुणी रागावलं असेल असं काही मला वाटत नाही. राग त्याला येतो, ज्यानं हिशेब मनात धरलेला असतो. मी हिशेब धरला होता. साठ वर्षं दिली म्हणजे उरलेली दोनही आमची, असा.

दुसरं उदाहरण तर मराठीच्या घरातलंच. टॉमस स्टीफन्स. इंग्लंडच्या विल्टशरमध्ये जन्मलेला हा माणूस कॅथलिक धर्मासाठी देश सोडून रोमला गेला, जेझुइट झाला, एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून गलबतात बसला आणि ऑक्टोबरात गोव्याला उतरला. मग चाळीस वर्षं साष्टीत. परत गेला नाही. पोर्तुगीज त्याला पाद्री इश्तेव्हांव म्हणत. नाव इथंही बदललं. १६१६ साली राचोलला त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापून झालं. जवळपास अकरा हजार ओव्या. मराठीची थोरवी त्यानं ज्या ओव्यांत गायली, त्या आपल्या शाळेच्या पुस्तकांत आल्या. इथल्या बोलीचं व्याकरणही त्यानं लिहिलं, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापलं गेलं.

इथं सावध राहायला हवं. स्टीफन्स आला त्या साष्टीत बारा वर्षांपूर्वी, १५६७ मध्ये, देवळं पाडली गेली होती. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन बसलेलं होतं. क्रिस्तपुराण ज्यांच्यासाठी लिहिलं, त्यांच्या हातातून जुनी पुराणं काढून घेतली गेली होती, आणि ती पोकळी भरायला हे नवं पुराण आलं. तेव्हा पाठवलेल्या माणसाचा विचार करताना पाठवणारा कोण, हे विचारल्याशिवाय सुटका नाही. स्टीफन्सनं कुणाचं देऊळ पाडलं असं नाही, पण ज्या गलबतातून तो आला, ते राजाचं होतं.

तरी एक गोष्ट उरतेच. आज्ञा त्याला गोव्यापर्यंत आणू शकली. प्रवचनापुरती भाषा शिक, इतकंही आज्ञेत बसतं. पण अकरा हजार ओव्या? भाषेचा मोगरा झाल्याशिवाय त्या होत नाहीत, आणि कुठला वरिष्ठ तसा हुकूम काढू शकत नाही. छापायला परवानगी लागली असेल. लिहायला जे लागलं, ते त्याचं स्वतःचं.

तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत यावर जुना वाद आहे. कांटनं १७८५ मध्ये असं मांडलं, की कृतीला नैतिक मोल येतं ते ती कर्तव्यबुद्धीनं केल्यामुळे. ज्याचं मन दुःखानं विझून गेलंय, ज्याला दुसऱ्याविषयी काही वाटेनासं झालंय, असा माणूसही केवळ कर्तव्य म्हणून मदतीला उठला, तर त्याच्या कृतीचं मोल उलट उठून दिसतं. यावर मायकेल स्टॉकर या तत्त्वज्ञानं १९७६ मध्ये एक साधा प्रसंग सांगून बोट ठेवलं. तुम्ही आजारी आहात, हॉस्पिटलमध्ये पडला आहात. मित्र भेटायला येतो. तुम्हाला बरं वाटतं. मग बोलता बोलता कळतं, की तो तुमच्यासाठी आलेलाच नाही, भेटायला जाणं हे त्याचं कर्तव्य आहे म्हणून आलाय. तुमचा चेहरा पडतो.

आपल्याकडे निष्काम कर्माचं बोलणं इतकं झालंय, की कांट आपल्याला चटकन पटतो. पण पलंगावर पडलेल्या माणसाच्या बाजूनं बघितलं तर स्टॉकरच खरा. मला वाटतं, दोघांच्या मध्ये कुठंतरी काळ नावाची गोष्ट आहे, आणि दोघांनीही तिला फारशी जागा दिलेली नाही. पहिल्या दिवशी मित्र कर्तव्य म्हणून आला असेल. चाळिसाव्या दिवशी तो का येतो, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. आईनं पहिल्या वर्षी सासूचे पाय चेपले ते भीतीनं. दहाव्या वर्षी सवयीनं. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा आई तिचे पाय मांडीवर घेऊन बसायची, ते मी पाहिलंय. त्याला भीती म्हणता येत नाही आणि सवयही म्हणता येत नाही.

आता जरा लांब जातो, पोलंडच्या लोकांकडे. पोलंड हे नाव निदान कोल्हापूरकरांना परकं नाही. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे इथं पाचेक हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. स्टालिनच्या राजवटीनं त्यांना घरांतून उचलून सायबेरियात नेलं होतं. तिथून सुटका झाल्यावर इराणमार्गे ती इथं आली. वळिवड्याच्या छावणीत शाळा होत्या, नाटकं होती, चर्च होतं, त्यांचा पोलिश धर्मगुरू होता. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे आणि वॉर्सामध्ये कोल्हापूरचं. ही माणसंही एका अर्थी पाठवलेलीच, पण त्यांना कुणी शब्द मागितला नव्हता, त्यांनी दिला नव्हता. बंदुकीच्या धाकावर मालडब्यात कोंबणं आणि बिशपच्या हातात हात देणं, या दोन्हींना ‘पाठवणं’ हा एकच शब्द पुरत नाही.

पण मला सांगायचीय ती गोष्ट आणखी जुनी आणि अमेरिकेतली. लिओपोल्ड मोचिगेम्बा हा वरच्या सायलेशियातला पोलिश फ्रान्सिस्कन. जन्म १८२४ चा, म्हणजे फादर बाखरांच्या बरोबर शंभर वर्षं आधी. १८५२ मध्ये तो टेक्सासला गेला. तिथल्या बिशपला जर्मन वसाहतींसाठी धर्मगुरू हवे होते. तो गेला, जर्मनांची सेवा केली, इथपर्यंत सगळं आज्ञेबरहुकूम. मग त्याच्या मनात आलं, की आपल्या गावाकडचे लोक तिकडे दारिद्र्यात आहेत, इथं जमीन पडून आहे. त्यानं घरी पत्रं लिहिली. शेकडो माणसं निघाली, त्याचे सख्खे भाऊ त्यांच्यात होते. १८५४ च्या डिसेंबरात ती गॅल्व्हस्टन बंदरात उतरली आणि तिथून चालत, सामान बैलगाड्यांवर घालून, नाताळच्या सुमाराला मुक्कामी पोचली. एका ओक झाडाखाली मिस्सा झाली. गावाला नाव दिलं पान्ना मारिया, म्हणजे कुमारी मरिया. अमेरिकेतली ही पोलिश लोकांची पहिली कायमची वसाहत.

आणि तिथं काय होतं? माळ, उंच गवत, साप, दुष्काळ. राहायला घर नाही. लोक धर्मगुरूवर उलटले. तूच आम्हाला आणलंस, असं म्हणून. धमक्यांपर्यंत गोष्ट गेली आणि १८५६ मध्ये तो तिथून निघून गेला. पुढं अमेरिकेत इतरत्र पोलिश लोकांत त्यानं पुष्कळ काम केलं, डेट्रॉइटच्या पोलिश सेमिनरीसाठी पोपची परवानगी त्यानंच मिळवली. १८९१ मध्ये डेट्रॉइटकडेच तो वारला, तिथंच पुरला गेला. आणि १९७४ साली, त्र्याऐंशी वर्षांनी, पान्ना मारियाच्या लोकांनी त्याच्या अस्थी उकरून आणल्या आणि त्या ओकपाशी पुन्हा पुरल्या.

या गोष्टीत मला सारखी खुपणारी एक जागा आहे. मोचिगेम्बानं आज्ञेनं जे केलं, त्याबद्दल कुणी त्याच्यावर धावून गेलं नाही. धावून गेले ते त्यानं स्वतःच्या मायेपोटी, स्वतःच्या जबाबदारीवर जे केलं त्याबद्दल. आज्ञा ही छत्रीही असते. ‘मला पाठवलं म्हणून आलो’ असं म्हणता आलं की अपयशाची अर्धी जबाबदारी वरच्याकडे जाते. एसटीतल्या फादरांना मी हे विचारायला हवं होतं. त्यांचा ‘शब्द दिलेला असतो’ मला तेव्हा फार थोर वाटला होता. आता वाटतं, त्यात थोडी सोयही असेल. गाव सोडताना कुणाच्या डोळ्यांत बघून ‘मी जायचं ठरवलं’ असं म्हणावं लागत नाही.

आणि ते नंतर आणलेल्या अस्थींचं काय? पान्ना मारियाच्या पणतवंडांनी हाकलून दिलेल्या माणसाला परत आणलं. चांगलंच केलं. पण तो विचारला गेला नव्हता. जिवंतपणी बिशपनं पाठवला, मेल्यावर गावानं आणला.

आमच्या किनाऱ्यावर याची उलटी बाजूही आहे. नागावहून रेवदंड्याला गेलं, कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला, की साळाव आणि पुढं कोर्लई. १७४० मध्ये पोर्तुगीजांनी चौल-रेवदंडा मराठ्यांच्या हवाली केला आणि ते निघून गेले. कोर्लईच्या किल्ल्याखाली त्यांचा धर्म घेतलेली माणसं मात्र तिथंच राहिली. ती इथलीच होती, जाणार कुठं? त्यांची पोर्तुगीज धाटणीची बोली, ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, जवळपास पावणेतीनशे वर्षांनंतरही काही शे माणसांच्या घरांत बोलली जाते. चर्चमध्ये मिस्सा आता मराठीतून होते. धर्मगुरू येतात, जातात. गलबतं परत गेली, राजा गेला, आणि भाषा मागं राहिली, जी पाठवणाऱ्यांच्या वंशजांनाही आता धड कळणार नाही. कुणी म्हणेल ती परकी भाषा. मग माझ्या आईचा अळूच्या फदफद्यातला श्रीवर्धनी हातही परकाच म्हणावा लागेल, जो आज नागावात माझ्या मुलीच्या हाताला आहे.

इथवर लिहून झाल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. आई आणि धर्मगुरू यांची तुलना जमली होती. दोघांचं नाव बदलतं, दोघं परक्या गावी जातात, दोघांची सेवा आज्ञेनं सुरू होते आणि पुढं त्यांची स्वतःची होते. मी हे एका मित्राला वाचून दाखवलं. त्याची बायको आत भाजी निवडत होती, ती तिथूनच म्हणाली, “भावजी, त्या फादरला कितव्या वर्षी विचारलं होतं?”

मी म्हटलं, पंचविशी उलटल्यावर असेल. बरीच वर्षं सेमिनरीत शिकावं लागतं, मधे सोडून जाण्याची मुभा असते.

“आणि तुमच्या आईला?”

तुलना तिथंच मोडली. मोडायलाच हवी होती. फादरांनी शब्द दिला होता, आईच्या वतीनं तो दुसऱ्यांनी दिला. आजोबांनी स्थळ बघितलं, पत्रिका जमली, तिथी ठरली. वळिवड्याच्या बायकांइतकी नाही, पण ती फादरांच्या बाजूला बसणारी नाही, त्या बायकांच्या बाजूची आहे, हे मला कबूल करावं लागलं. तिनं पुढं इथं जे काही उभं केलं ते तिचंच, स्टीफन्सच्या ओव्यांसारखं. पण तेवढ्यानं पहिल्या दिवसाचा हिशेब मिटत नाही. माया लागली म्हणून विचारलं न गेल्याचं मागाहून बरोबर ठरत नाही. आणि मी नेमकं तेच करत होतो. ‘हेच तुझं घर’ असं रोज संध्याकाळी तिला बजावून त्या जुन्या न विचारण्यावर शिक्का मारत होतो.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिलीय. टाळत होतो म्हणा. १९९४ मध्ये माझी बदली पोलादपूरकडच्या एका डोंगरातल्या शाळेवर झाली होती. एकशिक्षकी शाळा. मी तिथं तीन महिने काढले. मुलं गुणी होती. पावसात ओढा ओलांडून यायची, दप्तर डोक्यावर धरून. मग मी एका पुढाऱ्याचं पत्र मिळवलं आणि अर्ज केला, की घरी आईची प्रकृती गंभीर आहे, देखभालीला दुसरं कुणी नाही. आई तेव्हा बावन्न वर्षांची होती आणि माडावर चढलेल्या गड्याला खालून शिव्या घालण्याइतकी ठणठणीत होती. बदली रद्द झाली. त्या शाळेवर पुढं कित्येक महिने मास्तर नव्हता, हे मला नंतर कळलं.

म्हणजे पाठवलेल्या माणसांच्या निष्ठेवर इतके कागद लिहिणारा मी स्वतः पाठवला गेलो तेव्हा तीन महिन्यांत पळून आलो होतो. आणि आलो ते आईचं निमित्त करून. तीच आई पुढं खरोखर आजारी पडून जे एकच मागत होती, ते मी दिलं नाही. श्रीवर्धन काही विलायतेत नाही. आगरदांड्याहून गाडीसकट फेरीत बसलं की दिघी. एका दिवसात जाऊन येता आलं असतं. मी म्हणत होतो, तिला त्रास होईल, तिथं आता ओळखीचं कोण आहे, तिला ते घर ओळखूही येणार नाही. हे सगळं खरं असेल. पण मला भीती वाटत होती ती वेगळीच. तिला ते घर ओळखू आलं तर?

दोन वर्षांपूर्वी आषाढात ती गेली. रेवदंड्याला अस्थी विसर्जन केलं.

यंदा पावसाळ्याआधी मी एकटाच श्रीवर्धनला जाऊन आलो. कशासाठी, हे बायकोनं विचारलं, तर सांगता आलं नाही. आगरदांड्याच्या धक्क्यावर गाड्यांची ही रांग, पुण्या-मुंबईची पोरं मोबाइलवर जंजिऱ्याचे फोटो काढत होती. आईच्या माहेरची वाडी सापडली. अर्ध्या वाडीत आता राहण्या-जेवण्याची सोय अशी पाटी आहे, तशी ती आमच्या नागावातही घरोघर आहे. पोफळी बऱ्याच पडलेल्या, २०२० च्या निसर्ग वादळातल्या. विहिरीवरचा रहाट गेला, पंप आला. एक तिशीचा मुलगा बाहेर आला. त्याला वाटलं मी गिऱ्हाईक. रूम एसी हवी की साधी, असं विचारलं.

मी म्हटलं, “रूम नको. मी नागावचा. तुझ्या आजोबांची बहीण माझी आई.”

“कोण आजी?”

“सुनंदा,” मी म्हटलं. तो विचारात पडला. त्यानं आत हाक मारली. एक म्हातारी भिंतीला धरून बाहेर आली, बहुतेक त्या घरची थोरली सून, आईची भावजय. तीही कुठून तरी इथं आलेली. तिला कमी ऐकू येत होतं. मुलानं तिच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं, “नागावच्या सुनंदाआजीचा मुलगा आलाय.” तिनं मान हलवली, अशी कुणी नव्हती आमच्यात, म्हणाली.

मग मी पुढं झालो आणि म्हटलं, “मामी, कुसुमचा.”

“कुसुमचा? बस, बस. उन्हातून आलास.” तिनं मुलाला आत पिटाळलं, सरबत करायला सांगितलं. मग खांबाला टेकून खाली बसली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “ती नाही आली?”